इंजिनाखालचा आवाज

बाबांचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हणून मी त्या दिवशी आमची अख्खी आळी गप्प केली होती. शेजारच्या काकूंना मिक्सर लावू नका म्हणून विनवलं, समोरच्यांचा टीव्ही बंद करवला, आमचा पंखा बंद, फ्रिज बंद, कोंबडा टोपलीखाली. मासळीवाली ऐन वेळी दारात येऊन ओरडेल म्हणून तिला अडवायला आईला नाक्यावर पाठवलं. आई पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "मयताच्या घरात पण एवढी शांतता नसते गो." आणि मग तिनेच जीभ चावली.

बाबांच्या घशात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल असं त्यांना वाटत होतं, पण आवाज राहणार नव्हता. पुढे बाबा गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेणार होते. हे ऐकताना आई डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती, बाबा खिडकीबाहेर बघत होते, आणि मी एकटीच डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मग सगळं मलाच सांगितल्यासारखं झालं.

ऑपरेशनची भीती घरात सगळ्यांनाच होती. माझी आणखी एक वेगळी भीती होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. माझी मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. एवढ्या वयातलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणजे आजोबा तिच्यासमोर असणार, तिला खांद्यावर घेणार, पण त्यांचा आवाज कसा होता हे तिला कधीच कळणार नाही. आमच्याकडे बाबांचे व्हिडिओ म्हणावेत तर लग्नातले. त्यात बँड वाजतोय आणि बाबा कोपऱ्यात हात हलवताहेत. आवाज कुठेच नाही.

मी मूळचीच घाबरट. पालीला घाबरते, विजेला घाबरते, अवेळी फोन वाजला की हातपाय गार पडतात. बाबा म्हणायचे, "ह्या बायला भ्यायला कारण लागत न्हाय, नुसती जागा लागते." आणि बाबा कशालाच घाबरायचे नाहीत. निदान मी तरी कधी पाहिलं नव्हतं. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या लाकडी लाँचवर ते इंजिनाचे ड्रायव्हर होते. आमच्याकडे लाँचवर दोन माणसांचा कारभार असतो. तांडेल वर सुकाणू धरून उभा, ड्रायव्हर खाली इंजिनापाशी. तांडेलाला इंजिन दिसत नाही, ड्रायव्हरला पाणी दिसत नाही. मधे एक दोरी आणि दोरीच्या टोकाला पितळी घंटा. एक टोला म्हणजे पुढे घे, दोन म्हणजे बंद कर, तीन म्हणजे मागे घे. आयुष्यभर बाबा ती घंटा आणि ते इंजिन ऐकत बसले. त्यामुळे ऐकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शाळेतून आल्यावर मी काही थाप मारली की ते मान एका बाजूला कलती करून ऐकायचे आणि म्हणायचे, "हवा शिरलीय नळीत. खरं काय ते सांग." माझ्या आवाजातला बिघाड त्यांना शब्दांच्या आधी कळायचा.

तर त्या दिवशी बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं. मसाल्याच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. म्हटलं, "बोला. नातीला काय सांगायचंय ते सांगा."

बाबांनी तोंड उघडलं. मग मान एका बाजूला कलती केली आणि तसेच बसून राहिले.

"बाबा, बोला ना."

त्यांच्या कपाळावर घाम आला. पंखा बंद होता, पण तो घाम उकाड्याचा नव्हता.

"काय झालं?"

"काय न्हाय. आयकतोय."

"काय ऐकताय? काहीच तर नाहीये ऐकायला."

"तेच," बाबा म्हणाले.

मी चिडले. माझी भीती अशीच बाहेर पडते, चिडचिड होऊन. म्हटलं, जन्मभर घरात लाँचवर असल्यासारखे ओरडलात, शेजाऱ्यांना आपल्या घरातली भाजीसुद्धा कळायची, आणि आज चार वाक्यं बोलवत नाहीत? माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी तरी बोला. बाबांनी तीनदा सुरुवात केली. तीनदा "बाय गो" म्हणाले आणि तीनदा थांबले. शेवटी उठून त्यांनी शर्ट काढला आणि खुंटीला टांगला.

आई नाक्यावरून परत आली, तिने माझं तोंड बघितलं, बाबांची उघडी घामट पाठ बघितली, आणि म्हणाली, "अगो, इंजिनच बंद पाडलंस तू त्यांचं. कसं बोलतील?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी प्राथमिक शाळेत असताना एकदा बाबांबरोबर लाँचवर होते. खाडीच्या बरोब्बर मध्यावर इंजिन बंद पडलं. ओहोटी लागली होती आणि पाणी समुद्राकडे ओढत होतं. बाबा खालून ओरडले, "गप ऱ्हावा सगळी! कोन बोलू नका!" आणि त्यांनी इंजिनाच्या झाकणावर कान टेकवला. पन्नासेक माणसं श्वास रोखून बसली. एका बाईने रडणारं पोर छातीशी दाबून धरलं. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज तेवढा येत होता, आणि समोरचा जंजिऱ्याचा किल्ला हळूहळू भलत्याच बाजूला सरकत होता. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. बाबांनी ती काढली, इंजिन धडधडलं, आणि सगळी लाँच एकदम बोलायला लागली. मी मात्र तेव्हा जी घाबरले ती आजतागायत. आणि बाबांच्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की इंजिन थांबलं की बोलणं थांबायचंच. शांतता झाली म्हणजे काहीतरी बिघडलंय, आता बोलायचं नाही, ऐकायचं. आणि मी त्यांच्यासाठी अख्खं घर तसं करून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या तोंडावर.

फ्रिज परत चालू करायचं आम्ही त्या गोंधळात विसरलो. दुसऱ्या दिवशी सगळे बांगडे टाकून द्यावे लागले. आईने त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही.

मग बाबांना लाँचवर नेलं. आजारी रजेवर असल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. तांडेलकाकांनी काही न विचारता त्यांना त्यांच्या जागेवर बसवलं, खाली, इंजिनाच्या पेटीशेजारी. नव्या ड्रायव्हरने बाजूला सरकून जागा दिली. आई त्यांच्या शेजारी बसली. मी समोरच्या फळीवर, एका हाताने मोबाइल धरून, दुसऱ्या हाताने जे सापडेल ते घट्ट धरून. दुपारची वेळ, उतारू थोडेच. वर एक टोला पडला आणि इंजिन धडधडायला लागलं. बाबांचे खांदे खाली आले. आणि ते बोलायला लागले.

बसलेल्या, खरखरीत आवाजात, पण ते बोलले. पार आगरदांड्यापर्यंत बोलले. नातीला लाँचवर चढायचं कसं ते सांगितलं. "लाटेबरोबर लाँच वर आली की पाय टाक. खाली जाताना टाकू नको. कोन हात देतंय ते बघत बसू नको बाय, हात धर आनि ये." मग खेकडा कुठून धरायचा ते सांगितलं. मग तिची आई, म्हणजे मी, लहानपणी आंब्याच्या पेटीत बसून कशी रडायची ते सांगितलं आणि स्वतःच हसले. मला सगळं नीट ऐकू येत नव्हतं. मोबाइलमध्ये काय जातंय याचीच धास्ती होती. धक्का जवळ यायच्या जरा आधी बाबा बोलायचे थांबले, मग आईकडे वळून काहीतरी म्हणाले. दोनतीन वाक्यं असतील. आईने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. मग बाबांनी नेहमीसारखी मान कलती केली आणि इंजिन ऐकत बसले, दोन टोले पडेपर्यंत.

धक्क्यावर उतरल्यावर मी आईला विचारलं, "बाबा शेवटी काय म्हणाले गं?"

"काय न्हाय," आई म्हणाली. "डिझेलचं कायतरी."

मी माणगावला हायस्कूलमध्ये शिकवते. शाळा बंद होत्या त्या काळात घरून धडे रेकॉर्ड करायची, आणि हायवेचे ट्रक, कुकरच्या शिट्ट्या आणि डोक्यावरचा पंखा या सगळ्यांसकट मुलांना पाठवायची. मग हळूहळू लॅपटॉपवर आवाज साफ करायला शिकले. त्यात मोठी जादू नाही. जिथे कुणीच बोलत नाही असा एक तुकडा निवडायचा आणि प्रोग्रॅमला दाखवायचा, की बाबा रे, हा कचरा. मग तो सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढा कचरा वेचून काढतो. पंखा सोपा, तो एकाच सुरात घुमतो. माणसाचा आवाज त्यातून बऱ्यापैकी निघतो.

इंजिन निघेना. मी सुरुवातीचा तुकडा निवडला होता, लाँच धक्क्याला असतानाचा, बाबा बोलायला लागायच्या आधीचा. प्रोग्रॅमला तो दाखवला, धडधड पुष्कळशी तशीच राहिली. मग जोर वाढवला. इंजिन गेलं, आणि बाबांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा यायला लागला. शब्द बुडबुडत होते. अक्षरं फुटून वर येत होती. जास्त ओढलं की असं होतं हे मला ठाऊक होतं, माझ्या स्वतःच्या आवाजाचं कितीदा झालं होतं आणि मी हसले होते. पण हे बाबा होते. माझे बाबा पाण्याखालून मला हाका मारताहेत असं ते ऐकू आलं. मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की मुलगी दचकून रडायला लागली. अपशकुन वगैरे मी मानत नाही असं वर्गात सांगते. त्या दिवशी मी देवापुढे नारळ ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी नवरा मुलीला घेऊन घरीच थांबला. सकाळी बाबांना आत नेलं. नेताना स्ट्रेचरवरून त्यांनी माझ्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले, "भिऊ नको गो." हे त्यांचे आमच्यासाठी शेवटचे शब्द. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर आई आणि मी. आईच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल, स्टीलचा चमचा आणि बाबांचा चष्मा. ती पिशवी तिने पोटाशी धरली होती.

मला नुसतं बसवेना. कानाला हेडफोन लावले आणि लॅपटॉप उघडला. आत काय चाललंय याचा विचार करायचा नसेल तर हाताला काहीतरी काम हवं होतं. आणि एकीकडे हेही डोक्यात होतं की आता हे आहे तेवढंच. यापुढे नवीन काही मिळणार नाही.

आणि तिथे बाकावर बसून माझी चूक माझ्या लक्षात आली. लाँच ड्रायव्हरची मुलगी मी, आणि मला कळू नये! धक्क्याला उभ्या लाँचचं इंजिन आणि खाडीत ओहोटीवर चालणाऱ्या लाँचचं इंजिन एका आवाजात बोलत नाही. लहानपणी मी घरात बसून, नुसत्या आवाजावरून, बाबांची लाँच निघाली की मध्यावर आहे की परत येतेय ते सांगायची. मी प्रोग्रॅमला भलताच कचरा दाखवला होता. मला हवा होता खाडीतला तुकडा, जिथे इंजिन पूर्ण चालतंय आणि बाबा बोलत नाहीत. तसा एकच होता. आईशी बोलून झाल्यावर मान कलती करून ते ऐकत बसले होते, तो.

तो तुकडा निवडला. जोर कमी ठेवला. एकदा हलक्या हाताने काढलं, मग परत एकदा. दूध आटवताना वरवर साय बाजूला करावी तसं. इंजिन लांब गेलं, संपलं नाही, पण खाडीच्या पलीकडे गेलं. आणि बाबा शेजारी येऊन बसले. लाटेबरोबर लाँच वर आली की पाय टाक. मी हसले, रडले, आई बघतेय म्हणून परत हसले. खेकडा झाला. आंब्याची पेटी झाली. मग ते थांबले, आईकडे वळले, आणि मला स्वच्छ ऐकू आलं.

"मला भ्या वाटतंय गो. लय भ्या वाटतंय. बायला सांगू नको. ती आधीच भ्यालेली हाय."

मी ते परत लावलं नाही. त्याची गरज नव्हती. हेडफोन काढून मांडीवर ठेवले. समोर ते बंद दार होतं, त्याच्या वरचा लाल दिवा पेटलेला होता, आणि आत तो माणूस होता. मला ओरडावंसं वाटलं की थांबा, मला त्यांच्याशी बोलायचंय, मला आत्ताच कळलंय. इतकी वर्षं आमच्या घरातली सगळी भीती मीच वापरत आले होते. त्यांच्या वाट्याला ती कधी येऊच दिली नाही. घाबरायला त्यांना अख्ख्या जगात एकच जागा मिळाली, इंजिनाच्या शेजारी, जिथे कुणाला ऐकू जाणार नाही. आणि मी तेही उकरून काढलं होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई, तू ऐकलं होतंस ना ते काय म्हणाले ते? तेव्हा, लाँचवर?"

"इंजिन चालू होतं," आई म्हणाली. "मला काय आयकू आलं न्हाय."

"आई."

तिने पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूबी आयकलं न्हायस."

मग आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत बसलो. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि ती दाखवायची नाही हे मी पहिल्यांदाच करत होते. फार जड जातं ते. दातावर दात धरून बसावं लागतं. दिवा विझला आणि डॉक्टर बाहेर येऊन "ठीक आहे" म्हणाले तेव्हा माझा जबडा दुखत होता.

बाबांना भेटायला सोडलं त्याआधी मी एक काम केलं. लाटेचं, खेकड्याचं, आंब्याच्या पेटीचं, सगळं साफ केलेलं तसंच ठेवलं. त्या दोनतीन वाक्यांवर मात्र मूळचं इंजिन होतं तसं परत आणून लावलं. साफ केलेला तुकडा पुसून टाकला. माझी मुलगी आता हे रेकॉर्डिंग हट्टाने लावायला सांगते. तिथे आलं की तिला वाटतं लाँच जोरात पळतेय, आणि ती टाळ्या वाजवते.

वॉर्डात बाबा उशांना टेकून बसले होते. गळ्याला पट्टी, नाकात नळी. बोलायला गेले, नुसता वारा आला. त्या वाऱ्याने ते स्वतःच दचकले. मग आईने पिशवीतला चमचा काढून त्यांच्या हातात दिला. हे तिला कुठून सुचलं कोण जाणे. बाबांनी चमच्याकडे बघितलं, आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर हळूच एक टोला दिला. आई म्हणाली, "व्हय, हाय मी हितंच." नर्स लांबून डोळे वटारायला लागली.

मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. कानाशी बोट नेलं, हाताने मोबाइल धरल्यासारखं केलं. रेकॉर्डिंगचं काय झालं?

"झालं की," मी म्हटलं. "मस्त झालंय. खेकडा, लाट, सगळं स्वच्छ ऐकू येतं. फक्त शेवटचं तेवढं गेलं. आईशी तुम्ही डिझेलचं काहीतरी बोललात ना, ते. इंजिन फार होतं बाबा. काहीच ऐकू आलं नाही."

बाबांनी मान एका बाजूला कलती केली. डोळे मिटले. माझं बोलून संपलं होतं, तरी ते ऐकतच राहिले, झाकणावर कान टेकवून ऐकायचे तसे. माझ्या आवाजातली हवा त्यांना ऐकू गेली असणार. कधी गेली नव्हती असं झालंच नव्हतं. मी दाराकडे बघत होते, खिडकीकडे बघत होते, आता दोन टोले पडणार म्हणून वाट बघत होते.

त्यांनी डोळे उघडले. माझा हात धरला. आणि दुसऱ्या हाताने खाटेच्या दांडीवर चमच्याचा एकच टोला दिला.

पुढे घे.